रणांगणावरून घरी : अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची पत्रे

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या आज्ञा, लढायांचे नकाशे आणि सरकारी अहवाल यांवरून लिहिला जातो. ज्या शिपायाने प्रत्यक्ष बंदूक उचललेली असते, त्याचे म्हणणे त्यात क्वचितच उमटते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे यादवी युद्ध झाले, ते या बाबतीत मोठा अपवाद होय. या युद्धातील सामान्य शिपायांनी आईवडिलांना, पत्नीला, भावंडांना लिहिलेली हजारो पत्रे आज तेथील ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत जपून ठेवलेली आहेत. इतिहासकार जेम्स मॅक्फर्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथासाठी अशी सुमारे २५,००० पत्रे आणि जवळजवळ २५० रोजनिश्या वाचल्या होत्या. ही पत्रे कशी लिहिली गेली, घरी कशी पोहोचली, त्यांत काय असे आणि काय नसे, हे पाहिले म्हणजे त्या युद्धाची एक निराळीच बाजू आपल्यासमोर येते. जे काम कोणत्याही शासनाने करावयास हवे होते, परंतु त्या काळी कोणतेच शासन करीत नव्हते, ते या पत्रांनी केले.

लिहिणारे सैन्य

युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते. १८६० साली अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ ४० लाख माणसे गुलाम होती. अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटू लागली. त्यांनी आपले स्वतंत्र राज्यमंडळ स्थापन केले, एप्रिल १८६१ मध्ये लढाईला तोंड फुटले आणि अखेरीस अशी अकरा राज्ये त्या मंडळात सामील झाली. पुढील चार वर्षांत उत्तरेच्या सैन्यात वीस लाखांहून अधिक माणसे दाखल झाली. दक्षिणेच्या सैन्यातील माणसांची संख्या साडेसात लाख ते दहा लाखांच्या दरम्यान होती, असे मानले जाते.

इतकी मोठी आणि इतकी साक्षर सैन्ये जगाने त्यापूर्वी फारशी पाहिली नव्हती. उत्तरेकडील गोऱ्या शिपायांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेकडील गोऱ्या शिपायांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांना लिहितावाचता येत होते. त्यांतील बहुतेक जण शेतकरी, कारागीर, दुकानांतील कारकून किंवा विद्यार्थी होते. गाव सोडून लांब जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता. नेहमीच्या व्यवहारात ज्यांना वर्षाकाठी दोन-चार पत्रेही लिहावी लागत नसत, ती माणसे आता आठवड्यातून दोनदा लिहू लागली. १८६१ च्या शरद ऋतूत छावण्यांना भेट देणाऱ्या एका गृहस्थाने नोंदविले आहे की, अनेक पलटणींतून दररोज सरासरी सहाशे पत्रे रवाना होत. पूर्ण भरतीच्या पलटणीत सुमारे एक हजार माणसे असत, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ कळतो.

या पत्रांचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. शिपायांची पत्रे उघडून तपासण्याची नियमित व्यवस्था दोन्ही सैन्यांत नव्हती. पुढे विसाव्या शतकातील महायुद्धांत तपासणी-अधिकाऱ्यांनी मजकूर खोडून काढलेली पत्रे घरोघर पोहोचली. यादवी युद्धातील शिपाई मात्र सेनापतीची अक्कल काढू शकत होता, मुक्कामाचे ठिकाण सांगू शकत होता आणि आपण या लढाईला विटलो आहोत, हेही मोकळेपणाने लिहू शकत होता.

कागद, तिकीट आणि टपालाची पिशवी

छावणीत लिहिण्याची सोय बेताचीच असे. बिस्किटांचे खोके, पाठीवरील पिशवी, झाडाचा बुंधा किंवा स्वतःचा गुडघा हेच लिहिण्याचे मेज. शाई सांडे, थंडीत गोठे; म्हणून पुष्कळ पत्रे शिसपेन्सिलीने लिहिलेली आढळतात. कागद संपत आला की लिहिणारा तोच कागद आडवा फिरवी आणि आधीच्या ओळींना छेद देऊन पुन्हा लिही. अशी जाळीदार पत्रे वाचताना आजचा अभ्यासकही थकून जातो.

उत्तरेत पत्राला तीन सेंटांचे तिकीट लागे. परंतु शिपायाजवळ तिकिटे टिकत नसत. पावसाने आणि घामाने ती खिशातच एकमेकांना चिकटून जात. जुलै १८६१ मध्ये तेथील काँग्रेसने शिपायांना आगाऊ तिकीट न लावता पत्र पाठविण्याची मुभा दिली. पाकिटावर ‘शिपायाचे पत्र’ असे लिहून त्यावर पलटणीतील अधिकाऱ्याची सही घेतली की पत्र चालू लागे आणि त्याचे तीन सेंट घरचा माणूस भरून देई. ख्रिश्चन कमिशनसारख्या सेवाभावी संस्था छावण्यांतून कागद, पाकिटे आणि तिकिटे फुकट वाटीत.

दक्षिणेची स्थिती फार कठीण होती. तेथे १ जून १८६१ पासून स्वतंत्र टपालखाते सुरू झाले. आरंभी पाचशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा सेंट असा दर होता. १८६२ च्या जुलैपासून अंतर कितीही असो, दहा सेंट पडू लागले. उत्तरेच्या आरमाराने बंदरे रोखून धरल्यामुळे कागद मिळेनासा झाला. आलेले पाकीट उलटे करून त्याच्या आतल्या बाजूवर नवा पत्ता लिहावा, भिंतीला चिकटवावयाच्या नक्षीदार कागदाची पाकिटे करावीत, रानफळांच्या रसाची शाई बनवावी, असे उपाय लोक योजू लागले. ही पाकिटे आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

युद्धाने दोन्ही बाजूंचे टपालही तोडले. एक भाऊ उत्तरेत आणि दुसरा दक्षिणेत असेल, किंवा मुलगा शत्रूच्या कैदेत असेल, तर त्यांच्या पत्रांची देवघेव पांढरे निशाण लावून ठराविक ठिकाणीच होई. असे पत्र एका पानाचे, घरगुती मजकुरापुरते आणि न चिकटविलेल्या पाकिटात असावे लागे. हे पत्र मात्र अधिकारी वाचीत असत.

या पत्रव्यवहाराचा परिणाम टपालखात्यावरही झाला. तोपर्यंत अमेरिकेतील शहरांत टपाल बिनाशुल्क घरपोच मिळत नसे. बहुधा ते पोस्टात जाऊन आणावे लागे. क्लीव्हलँड शहरातील एका टपाल-कर्मचाऱ्याने हिवाळ्यात पोस्टाबाहेर रांगेत कुडकुडत उभ्या असलेल्या, रणांगणावरच्या बातमीची वाट पाहणाऱ्या स्त्रिया पाहिल्या आणि त्यावरून पत्रे घरी नेऊन देण्याची कल्पना त्याला सुचली, असे सांगतात. १ जुलै १८६३ पासून ४९ शहरांत बिनाशुल्क घरपोच वाटप सुरू झाले. शिपायांना आपला पगार सुरक्षितपणे घरी पाठविता यावा, या हेतूने १ नोव्हेंबर १८६४ पासून मनिऑर्डरची पद्धतही तेथे अमलात आली.

क्षेमकुशल

या पत्रांचा आरंभ बहुधा एका ठरलेल्या वाक्याने होई. मी लेखणी हाती घेतो ती एवढे कळविण्यासाठी की मी खुशाल आहे आणि तुम्हीही सर्व तसेच असाल अशी आशा करतो, अशा आशयाचे ते वाक्य असे. आपल्याकडील जुन्या पत्रांत इकडील क्षेम कळवून तिकडील कुशल विचारण्याची जी रीत होती, तिची येथे आठवण होते. वाक्य ठराविक असले तरी त्याचा अर्थ ठराविक नसे. पत्र लिहिले त्या दिवशी लिहिणारा जिवंत होता, एवढी एकच गोष्ट घरच्यांना सर्वप्रथम हवी असे.

त्यानंतर येई ते खाणे, हवा आणि दुखणी. दगडासारखी टणक बिस्किटे, खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि चिखल यांची वर्णने हजारो पत्रांत आहेत. हगवण, विषमज्वर, गोवर यांचे उल्लेखही तितकेच आढळतात. या युद्धात मेलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश माणसे रोगाने मेली, हे पाहता त्यात नवल नाही. घरून लोकरी मोजे मागवावेत, मुलांची छायाचित्रे मागवावीत, उत्तराला उशीर झाला म्हणून रुसावे, हेही ओघानेच आले.

परंतु यातील सर्वांत हृद्य भाग शेतीचा आहे. नवरा शेकडो मैलांवरून लिहीत असतो की, अमुक शेत आधी नांगरून घे, तमुक खेचर विकू नको, शेजाऱ्याचे देणे एवढे आहे, त्याहून अधिक देऊ नको. एक-दोन वर्षे उलटली की या सूचना कमी होतात आणि प्रश्न वाढतात. यंदा मका कसा आला, खेचर किती दिवस चालेल, असे तो विचारू लागतो. घरचा कारभार आता आपल्या नव्हे तर बायकोच्या हाती आहे, ही जाणीव पत्रागणिक वाढत गेलेली दिसते.

बायकांनी लिहिलेली पत्रे मात्र फारशी उरली नाहीत. शिपायाला ओझे वाहवत नसे, पावसात कागद कुजत असत आणि आपल्या बायकोचे अक्षर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून लढाईपूर्वी अनेक जण पत्रे जाळून टाकीत. तरीही त्यांचा परिणाम कळतो. १८६३ पासून दक्षिणेत अन्नाची टंचाई वाढली. त्या वर्षी २ एप्रिल रोजी राजधानी रिचमंडमध्ये स्त्रियांनी भाकरीसाठी दंगा केला. मुले उपाशी आहेत, परत या, असे सांगणारी पत्रे छावणीत येऊ लागली आणि ती वाचून शिपाई पळून जाऊ लागले. घरच्या पत्रांनी सैन्य खचत आहे, अशी चिंता तेथील अधिकाऱ्यांना वाटू लागली होती.

जे लिहिले नाही ते

मोकळेपणा असला तरी सगळेच लिहिले जात असे, असे नव्हे. आईला लिहिताना शिपाई लढाई थोडक्यात उरकतो. भावाला किंवा मित्राला लिहिताना तीच लढाई सविस्तर सांगतो. पहिल्या लढाईनंतर पुष्कळांनी, जे पाहिले ते सांगता येत नाही, एवढेच लिहून पान उलटले आहे. भीती, दारू आणि छावणीभोवतीचे इतर व्यवहार यांबद्दलचे मौन तर सहज समजण्याजोगे आहे.

आपण कशासाठी लढतो, याविषयीचे मौन अधिक विचार करावयास लावणारे आहे. दक्षिणेचे शिपाई स्वातंत्र्य, घर आणि भूमी यांच्या रक्षणाबद्दल पुष्कळ लिहितात. मॅक्फर्सन यांनी तपासलेल्या दाक्षिणात्य शिपायांपैकी फक्त वीस टक्क्यांनी गुलामगिरीचे उघड समर्थन केले होते. मात्र तिच्याविरुद्ध एकानेही लिहिले नव्हते. जी गोष्ट वादातीत मानली जाते तिचे समर्थन करण्याची गरज कोणाला वाटत नाही, असा या मौनाचा अर्थ त्यांनी लावला आहे.

उत्तरेकडील पत्रांत मतांची उलथापालथ अधिक दिसते. संघराज्य टिकविण्यासाठी आलेले अनेक शिपाई दक्षिणेत शिरल्यावर गुलामगिरी प्रथमच डोळ्यांनी पाहत होते आणि ती नष्ट झाल्यावाचून युद्ध संपणार नाही, असे लिहू लागले होते. चँड्रा मॅनिंग या इतिहासकार विदुषींनी २००७ साली असे दाखवून दिले की, काही शिपाई या निष्कर्षाला युद्धाच्या पहिल्याच वर्षी पोहोचले होते. उलट १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली तेव्हा, आम्ही यासाठी भरती झालो नव्हतो, असे संतापाने लिहिणारेही काही थोडे नव्हते. हळूहळू हा विरोध ओसरला. १८६४ च्या निवडणुकीत शिपायांच्या मतांपैकी सुमारे ७८ टक्के मते लिंकन यांना मिळाली.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल आदर म्हणून, अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला होता. तो त्याग करणाऱ्यांतील पुष्कळांचे मन आरंभी तयार नव्हते, ते युद्धातच घडले, ही गोष्ट या पत्रांवरून कळते. त्यामुळे त्या त्यागाचे मोल कमी होत नाही.

स्वातंत्र्याची पत्रे

उत्तरेच्या भूदलात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय शिपाई होते. त्यांतील बहुसंख्य गुलामगिरीतून आलेले होते. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे त्यांच्या घरच्या पत्रांची संख्या थोडी आहे. कोणी सोबत्याकडून, तर कोणी पलटणीच्या धर्मोपदेशकाकडून पत्र लिहून घेई आणि ज्या घरी ते जाई तेथेही ते वाचून दाखवावयास कोणी तरी लागे.

मिसुरी राज्यातील स्पॉट्सवुड राइस याची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. तो तंबाखूच्या मळ्यावर गुलाम होता आणि १८६४ च्या आरंभी सैन्यात दाखल झाला. मिसुरी संघराज्यातच राहिल्यामुळे लिंकन यांची घोषणा त्या राज्याला लागू नव्हती. बाप शिपाई म्हणून मुक्त झाला तरी मुली गुलामच राहिल्या होत्या. सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट लुईस येथील लष्करी रुग्णालयातून त्याने दोन पत्रे लिहिली. एक मुलींना होते : धीर धरा, प्राण गेला तरी बेहत्तर, पण मी तुम्हाला घेऊन जाईन, असे त्यात होते. दुसरे मुलीच्या मालकिणीला होते. मुलगी देवाने मला दिली आहे, तिच्यावर तुझा नव्हे, माझा हक्क आहे, असे त्याने तिला स्पष्ट बजावले होते. काही महिन्यांपूर्वी ज्या माणसाला स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्याने हे लिहिले होते.

ही पत्रे टिकली ती योगायोगाने. त्या गावचा पोस्टमास्तर मालकिणीच्या नात्यातला होता. त्याने ती संतापाने सेनापतीकडे धाडली आणि अशा उद्धट माणसाला राज्याबाहेर घालवावे, अशी मागणी केली. तक्रारीला जोडलेले पुरावे म्हणून ती सरकारी दप्तरात राहिली. राइस पुढे धर्मोपदेशक झाला आणि त्याचे कुटुंब एकत्र आले. १९३७ साली त्याच्या वृद्ध झालेल्या मुलीने एका सरकारी मुलाखतीत बापाची आठवण सांगितली, ती नोंदही उपलब्ध आहे.

जेम्स हेन्री गुडिंग हा मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीतील कॉर्पोरल आपल्या गावच्या वृत्तपत्राला नियमित पत्रे पाठवी आणि ती सारे गाव वाची. गोऱ्या शिपायाला दरमहा तेरा डॉलर मिळत, तर कृष्णवर्णीयाला दहा, आणि त्यांतूनही कपड्यांसाठी तीन कापून घेतले जात. २८ सप्टेंबर १८६३ रोजी गुडिंगने थेट अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून विचारले की, आम्ही शिपाई आहोत की मजूर? काँग्रेसने जून १८६४ मध्ये समान वेतन मान्य केले. गुडिंग तेव्हा शत्रूच्या कैदेत होता. पुढच्याच महिन्यात अँडरसनव्हिल येथील बंदिवासात तो मरण पावला.

दुसऱ्याच्या अक्षरातले पत्र

शिपाई मेला तर त्याच्या घरी कळविण्याची निश्चित जबाबदारी कोणत्याही सरकारी खात्यावर नव्हती. ओळख पटविणारे धातूचे बिल्ले सैन्याने दिलेले नव्हते. वृत्तपत्रांत मृतांच्या आणि जखमींच्या याद्या येत, पण त्या अपुऱ्या आणि चुकीच्या असत. १८६४ साली कोल्ड हार्बरच्या हल्ल्यापूर्वी शिपाई आपले नाव-गाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती कोटाला टाचताना एका अधिकाऱ्याला दिसले, ते यामुळेच.

म्हणून ही बातमी सोबत्यांनीच लिहावयाची, असा अलिखित नियम झाला होता. पाकिटावर अनोळखी अक्षर दिसले की ते उघडण्यापूर्वीच घरातील माणसांचे धैर्य सुटे. या पत्रांचा घाटही ठरलेला आहे : तो कोठे पडला, शेवटी काय बोलला, शांतपणे गेला, त्याला कोठे पुरले आणि त्याच्या वस्तू कोणाजवळ आहेत. इतिहासकार ड्रू गिल्पिन फाउस्ट यांनी २००८ सालच्या आपल्या ग्रंथात या पत्रांचा सखोल अभ्यास केला आहे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे माणसाला मरण आपल्या माणसांत यावे. ते भाग्य नाकारल्या गेलेल्या कुटुंबाला मृत्युशय्येजवळ नेऊन बसविण्याचे काम हे पत्र करी. कवी वॉल्ट व्हिटमन १८६२ च्या अखेरीस जखमी भावाच्या शोधात रणांगणावर गेला आणि नंतर वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत शिपायांजवळ बसून त्यांची पत्रे लिहू लागला. त्याच्या हातचे असे एक पत्र २०१६ साली राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रांत सापडले.

कधी कधी मरणारा स्वतःच लिही. मे १८६४ मध्ये स्पॉट्सिल्व्हेनियाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झालेल्या मिसिसिपीच्या एका तरुणाने वडिलांना पत्र लिहिले. त्या कागदावर त्याच्या रक्ताचे डाग आहेत. चार दिवसांनी तो मरण पावला. सोबत्यांनी कबरीवर खूण केल्याचे घरी कळविले होते, तरी घरच्यांना ती कबर कधी सापडली नाही.

या युद्धात एकूण ६,२०,००० माणसे मेली, असे दीर्घकाळ मानले जात होते. जनगणनेच्या नोंदींवर आधारलेले अलीकडील अभ्यास हा आकडा सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर नेतात. युद्धानंतर उत्तरेच्या तीन लाखांहून अधिक मृत शिपायांना राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची नावे कळली नाहीत. ज्यांचे ना पत्र आले ना बातमी, अशांसाठी परिचारिका क्लारा बार्टन यांनी १८६५ साली वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता शिपायांच्या शोधाचे कार्यालय चालू केले. त्या बेपत्ता माणसांच्या नावांच्या याद्या छापीत आणि परतलेल्या शिपायांना विचारीत, यांपैकी कोणाला तुम्ही पाहिले होते काय? १८६८ पर्यंत त्यांच्याकडे ६३,००० हून अधिक पत्रे आली आणि २२,००० हून अधिक माणसांचे काय झाले, ते घरच्यांना कळविता आले.

ते कार्यालय पुढे विस्मरणात गेले. १९९६ साली ती जुनी इमारत पाडण्यापूर्वी तपासत असता माळ्यावर त्याची पाटी आणि काही कागदपत्रे सापडली. इमारत वाचली आणि आज तेथे संग्रहालय आहे. ज्या खोल्यांत एके काळी आयांची आणि विधवांची पत्रे रोज येऊन पडत, त्या खोल्या आता पाहता येतात. त्या पत्रांतून एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारलेला होता : त्याचे शेवटचे पत्र अमक्या तारखेचे आहे, त्यानंतर त्याला कोणी पाहिले काय?